ट्रामचं लग्न आणि पहिली पंगत

माझी पेटी सुरू झाली की सॉल्ट लेकमधल्या आमच्या ब्लॉकातले कावळे आधी उडतात, एक चक्कर मारतात आणि गच्चीच्या कठड्यावर येऊन मान हलवत बसतात. एकदा मी वरचा सा जरा मन लावून धरला, तर करुणामयीच्या थांब्यावरच्या सगळ्या ऑटो बाजूला झाल्या. चालकांना वाटलं, मागून मोठी बस हॉर्न देतेय. या गोष्टींना माझे यजमान साक्षीदार आहेत. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. गार्डन रीचच्या मुख्यालयात त्यांनी नोकरीभर गाड्यांची वेळापत्रकं केली, त्यामुळे त्यांच्या शब्दावर कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

गेल्या गणपतीपर्यंत ही पेटी म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा आवाज होता. आरती असो, हळदीकुंकू असो, कुणाची बदली होऊन निरोपसमारंभ असो, पेटीवर मी. मग मंडळाच्या नव्या कार्यकारिणीनं एक काळा डबा आणला. डाळीच्या डब्याएवढा. फोनवर बोट टेकवलं की त्यातून आरती निघायची, तबल्यासकट, झांजांसकट, मागे साथीला दहाबारा बायका. "काकू, आता तुम्हाला आराम," असं चिटणीस फार प्रेमानं म्हणाले. माणसाला संपवायचं असलं की आधी आराम देतात. मी हसून मान डोलावली, पेटीला तिची मखमली खोळ घातली आणि घरी आणून दिवाणाखाली सरकवली. त्या दिवसापासून घरात इतकी शांतता झाली की फ्रिज घुरघुरला तरी यजमान विचारायचे, हा कोणता राग.

अशा त्या शांततेत गच्चीवरून रडण्याचा आवाज आला.

आमच्या चौथ्या मजल्यावर एक बंगाली मुलगी राहते. दिवसा सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरपुढे बसते आणि संध्याकाळी चार मित्रमैत्रिणी जमवून गच्चीवर गाते, भांडते, मरते आणि परत उठून उभी राहते. मी वाळलेले कपडे आणायला म्हणून वर गेले आणि अंधार पडेपर्यंत टाकीला टेकून बसून राहिले. कपडे तसेच राहिले. यजमान पायजम्याची वाट बघत खाली पंचा गुंडाळून बसले होते, असं नंतर कळलं.

त्यांचा प्रकार असा होता. प्रेक्षकांना विचारायचं, कशावर नाटक हवं? प्रेक्षकांतून कुणी म्हणणार, हरवलेली छत्री. की त्याच क्षणी हरवलेल्या छत्रीचं संगीत नाटक सुरू. लिहिलेलं काही नाही, ठरवलेलं काही नाही. संवाद, पदं, यमकं, नाच, सगळं जागच्या जागी. आणि विनोदी, हे मुख्य. लोक हसले नाहीत तर छत्री फुकट हरवली. मी त्या मुलीला विचारलं, काही ठरलेलंच नसतं तर तुम्ही तालीम कसली करता? ती म्हणाली, न ठरवण्याची. मी हे यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या ऑफिसात हेच चालायचं, फक्त आम्ही गात नव्हतो.

त्या मंडळींचा नियम एकच. समोरच्यानं जे दिलं ते नाकारायचं नाही. तो म्हणाला तू माझी आजी, तर आपण आजी. लगेच पाठीत वाकायचं आणि वर त्यालाच दटावायचं की माझी कवळी कुठे ठेवलीस. हो म्हणायचं आणि आपल्या पदरची भर घालायची. मी आजवरचा संसार बरोब्बर उलट्या नियमानं केला होता, त्यामुळे मला ही कल्पना फारच ताजी वाटली.

त्यांचा की-बोर्ड वाजवणारा मुलगा बंगळूरला नोकरीला गेला, ही बातमी आमच्या कामवालीनं मला तो गाडीत बसायच्या आत दिली. मी त्या मुलीला लिफ्टमध्ये गाठलं. चौथा मजला येईपर्यंत तिला तिन्ही सप्तकं तोंडानं ऐकवली. लिफ्ट मध्येच अडकली ती विजेमुळे, माझ्यामुळे नव्हे; पण त्यामुळे मला ताना घ्यायलाही वेळ मिळाला. बाहेर आल्यावर ती भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, काकिमा, एकदा ऐकते.

ऐकायला आली. ती खोलीभर चालायला लागली, मी तिची चाल वाजवली. ती धावली, पेटी धावली. ती सोफ्यावर कोसळली, मी मंद्र सप्तकात जाऊन कोसळले. यजमान चहाचा ट्रे घेऊन आले, मी ट्रेमधले कप वाजवले. मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. मग डोळे पुसले आणि एकदम सेक्टर फाइव्हसारखा चेहरा करून बोलायला लागली.

ती जे बोलली त्यासाठी आधी त्यांचा महोत्सव समजून घ्यायला हवा. त्याला फ्रिंज म्हणतात. मोठ्या नाट्यमहोत्सवांत ज्यांना कुणी उभं करत नाही, त्या सगळ्यांनी मिळून भरवलेली जत्रा. भवानीपुरात एक बंद पडलेला छापखाना आहे, त्याच्या तीन खोल्यांत एका वेळी तीन प्रयोग चालणार होते, आणि मधल्या अंगणात खाण्याचे ठेले. तिकीट एकच. म्हणजे हा प्रयोग आवडला नाही तर प्रेक्षकानं उठायचं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं. उठून जाण्याची तिथे नुसती मुभा नव्हती, रीतच होती. मागच्या खेपेला या मंडळींचे निम्मे प्रेक्षक ऐन गाण्यातून उठून पलीकडे गेले होते, जिथे एक गृहस्थ काही न बोलता स्वतःला वर्तमानपत्रात गुंडाळत होते. हे त्या मुलीच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"हा एक प्रयोग तुम्ही वाजवा, काकिमा," ती म्हणाली. "लोक शेवटपर्यंत थांबले, तर पेटी कायमची तुमची. नाही थांबले, तर न्यू टाउनचा एक जण आहे. त्याच्याकडे सिंथेसायझर आहे."

सिंथेसायझर हा शब्द तिनं मुद्दाम उच्चारला की सहज, माहीत नाही. मला तो काळा डबा दिसला. यावेळी पाय फुटलेला.

मी काय केलं असेल? रियाज केला, असं कुणाला वाटत असेल तर तो माणूस मला ओळखत नाही. मी फोन हातात घेतला आणि मंडळाची यादी वरून खालपर्यंत संपवली. प्रेक्षक उठून जाऊ शकतात ना, मग न उठणारे प्रेक्षक न्यायचे. चिटणिसांना सांगितलं, मराठी संस्कृतीचा गौरव आहे. बँकेच्या निवृत्त साहेबांना सांगितलं, पुढच्या रांगेत बसायचं आहे. यजमानांच्या पत्ते खेळणाऱ्या मित्रांना सांगितलं, अंगणात फिश फ्राय मिळतो. त्यांच्या बायकांना सांगितलं, व्हेज चॉपही मिळतो. आणि आत्यांना सांगितलं, या.

आत्या कुणाच्या आत्या, हे आता कुणालाच आठवत नाही. त्या मंडळाच्या आत्या आहेत. कोलकात्यातच जन्मल्या, कोलकात्यातच म्हाताऱ्या झाल्या, आणि मंगलाष्टकं रचणं हा त्यांचा धर्म आहे. वधूवरांच्या नावांची जागा मोकळी ठेवून त्यांच्याकडे अष्टकं कायम तयार असतात, जशी काही बायकांकडे पुरणाची कणीक. पण गिऱ्हाईक नव्हतं. आमची इथली मुलं लग्नाला पुण्याला जातात, नाहीतर बंगाल्यांच्यात करतात. तिथे शंख वाजतात, बायका जिभा हलवून हुलू देतात, सगळं मोठं साजरं असतं, पण मंगलाष्टकाला कुणी विचारत नाही. कोलकात्यात अथपासून इतिपर्यंत मराठी लग्न होऊन इतका काळ लोटला होता की मंडळाचा अंतरपाट कुणीतरी कपाटात पेपरांखाली अंथरला होता. आत्या प्रत्येक कार्यक्रमाला अष्टकांची पर्स आवळून बसायच्या, वाढदिवसाला सुद्धा, की न जाणो.

प्रयोगाच्या दिवशी मी माझी फौज मधल्या पाच रांगांत बसवली. सगळ्यांना बजावलं, काही झालं तरी उठायचं नाही. गुडघा दुखला तर पाय लांब करा, पण बूड हलवू नका. दारातच झालमुडीवाला, म्हणजे इथला भेळवाला, उभा होता. प्रत्येकानं कागदाचा एकेक पुडा घेतला. शेवटच्या रांगेत एक तरुण सभ्य चेहरा करून बसला होता, मांडीवर काळी लांबलचक पिशवी घेऊन, तिचा पट्टा खांद्याला. रुग्णालयाबाहेर शववाहिनीचा चालक बसतो तसा. मी ओळखलं. न्यू टाउन.

मुलीनं पुढे येऊन विचारलं, आज नाटक कशावर? चारी बाजूंनी आरडाओरडा झाला. कुणी ट्राम म्हणालं, कुणी मेट्रो, आणि आमच्या आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, लग्न. त्यांना कशावरही काहीही विचारलं तरी त्या लग्नच म्हणतात. पण नियम म्हणजे नियम, दिलेलं नाकारायचं नाही. मुलीनं तिन्ही घेतली. ट्राम आणि मेट्रोचं लग्न.

मग जे झालं ते मी आजवर पाहिलं नाही, आणि वाजवलं तर त्याहून नाही. एक उंच, किडकिडीत वकील ट्राम झाला. दोन्ही हात वर करून तारेला धरल्यासारखा, कमरेत डुलत डुलत, दर चार पावलांवर थांबायचा आणि म्हणायचा, उतरा, माझ्या पुढे एक हातगाडी आहे. ती मुलगी मेट्रो झाली. मांजरासारखी टेबलाखालून सुसाट निघायची, उभी राहायची, लोक चढले का नाही ते न बघताच दार लावायची. दोघांची नजरानजर एस्प्लनेडला झाली, तो रस्त्यावर, ती जमिनीखाली, मध्ये जाळी. त्या जाळीवर त्यांनी जे प्रेमगीत म्हटलं त्याला मी अशी पेटी वाजवली की पलीकडच्या खोलीतला वर्तमानपत्रवाला अर्धा गुंडाळलेला दारात येऊन उभा राहिला. मी वाढवून सांगत नाही. त्याचा एक हात मोकळा होता, त्यानं टाळ्याही वाजवल्या असत्या, दुसरा असता तर.

कुणी उठलं नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून न्यू टाउनकडे बघितलं. पिशवीची चेन जशीच्या तशी बंद होती.

आणि मग लग्नाची वेळ आली. ट्राम इकडे, मेट्रो तिकडे, मध्ये पुरोहित झालेला मुलगा. त्यानं तोंड उघडलं. मंत्र येईना, पद येईना, शिंकसुद्धा येईना. असं होतं म्हणे या प्रकारात, डोक्यातली पाटी एकदम कोरी. सभागृह शांत. दुसऱ्या रांगेतल्या दोन बंगाली कॉलेजकन्यांनी पर्स उचलल्या. मागच्या रांगेत चेन सरकल्याचा आवाज झाला. खरोखर झाला असेल नसेल, मला आला.

बोटांना डोकं नसतं. लग्न समोर होतं, बोटांनी लग्न वाजवलं. मंगलाष्टकाची चाल.

ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना मी काय सांगू? ती चाल नाहीच, ती आज्ञा आहे. ती कानावर पडली की मराठी माणूस उठतो. झोपेतून उठतो, पत्त्यांच्या डावावरून उठतो, हाडांच्या डॉक्टरनं मनाई केलेली असली तरी उठतो, आणि त्याची उजवी मूठ आपोआप मिटते. माझ्या पाचही रांगा उभ्या राहिल्या. बजावणं, गुडघे, बूड, सगळं विसरल्या. बंगाली प्रेक्षकांना वाटलं, हे महाराष्ट्राचं राज्यगीत वगैरे असावं. सभ्य माणसं, तीही उठली. कॉलेजकन्यांनी पर्स खाली ठेवल्या.

आत्यांनी आपली पर्स उघडलीसुद्धा नाही. आधी त्यांनी स्टेजवरच्या पुरोहिताला हिंदीत झापलं की कपडा कुठाय मधला, धरा कुणीतरी. तो बिचारा धावला आणि विंगेतला काळा पडदा ओढून आणला. मग आत्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, तिथल्या तिथे, कागद नाही, काही नाही:

"आली भूमिमधून ही नववधू, मेट्रो, त्वरेची अती,
घंटा वाजवुनी उभा वर जुना, ज्याची हळूशी गती..."

दोन चरण झाले, चार झाले, 'कुर्यात सदा मंगलम' झालं, आणि पाच रांगा एका आवाजात गरजल्या, शुभमंगल सावधान. त्याबरोबर सगळ्यांच्या मुठी उघडल्या. मुठीत अक्षता नव्हत्या. झालमुडी होती.

मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, हिरव्या मिरच्या, सगळं मोहरीच्या तेलात माखलेलं, वधूवरांवर. ट्रामच्या डोळ्यात मिरची गेली आणि तो जो तोंडानं घंटा वाजवायला लागला तो खरोखरच्या वेदनेनं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बंगाली मंडळींनी एवढी धमाल आपल्याला आधी का सांगितली नाही अशा चेहऱ्यानं आपले पुडे सोडले. दारातल्या झालमुडीवाल्याचा त्या दिवशी असा खप झाला की पोतं तळाला गेलं आणि तो स्वतःच आत येऊन उभा राहिला.

इथे मी थांबायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मंगलाष्टक सुरू करता येतं, थांबवता येत नाही, हे म्हणणाऱ्याला माहीत नाही. आत्यांचं संपलं न संपलं तोच बँकेच्या साहेबांनी खाकरून दुसरं उचललं. त्यांची पट्टी वेगळी, माझी वेगळी, आणि शब्दांत ठेवींचे व्याजदर. मग चिटणीस. मग चिटणिसांची बायको, कारण नवरा गायला तर आपण का नाही. कित्येक वर्षांचा उपास होता माणसांचा. ज्यांना येत नव्हतं ते दुसऱ्याच्या चरणात शिरत होते. एक गृहस्थ आपल्याच मुलीच्या पुण्यातल्या लग्नात राहून गेलेलं अष्टक इथे म्हणायला लागले आणि तिच्या नावाशी येऊन त्यांचा आवाज फाटला. बाजूच्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि उरलेला चरण स्वतः म्हटला. दर 'सावधान'ला झालमुडी. स्टेजवर वकील आणि ती मुलगी काळ्या पडद्याच्या दोन बाजूंना उभी, डोक्यावर मुरमुऱ्यांचे थर. मुलीनं पडद्यावरून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी ओळखते. माझ्या सासूबाई बघायच्या तसं.

नाटक राहिलं होतं अजून. शेवट राहिला होता. म्हणून मी शहाणपणा केला. या गाडीला ब्रेक एकच असतो: 'तदेव लग्नं'. गुरुजी तो श्लोक म्हणतात, अंतरपाट खाली येतो, त्यानंतर आत्यांनाही तोंड उघडता येत नाही. मी पेटीचा भाता पूर्ण दाबला आणि खड्या आवाजात तो म्हटला. पडदा खाली पडला. शेवटची झालमुडी उडाली. टाळ्यांनी छापखान्याचे पत्रे थरथरले. संपली अष्टकं. मी विजयी मुद्रेनं मुलीकडे बघितलं.

आणि पाचही रांगा वळून दाराकडे चालायला लागल्या.

अहो, 'तदेव लग्नं'नंतर मराठी माणूस काय करतो? जेवायला जातो. पहिली पंगत धरायला जातो. यात नाटक सोडून जाण्याचा विचार कुणाच्याही डोक्यात नव्हता. त्यांच्या मते लग्न लागलं, पुढचा कार्यक्रम जेवणाचा. सर्वांत पुढे माझे यजमान. हा माणूस लग्नात नवरदेवाच्या आधी पाटावर असतो. मी दारातून बाहेर नजर टाकेपर्यंत त्यांनी अंगणातल्या बाकांवर हातरुमाल टाकून, चष्म्याचं घर ठेवून, एक चप्पल काढून ठेवून आठ जागा धरल्या होत्या. बंगाली प्रेक्षकही मागोमाग निघाले, कारण मोठा जमाव चाललाय म्हणजे पलीकडे काहीतरी बरं असणार.

खोलीत उरलो आम्ही, वर्तमानपत्रवाला, आणि मागच्या रांगेत न्यू टाउन. तो उठून पुढे आला. नम्रपणे. त्यानं मुलीला विचारलं की आता बोलायला वेळ आहे का.

दिवाणाखालची ती जागा मला दिसली, खोळीवरच्या धुळीसकट. मी त्या मुलीकडे बघितलं नाही. पेटीकडे बघितलं.

पण ती मुलगीही अस्सल होती. तिनं केसांतला एक शेंगदाणा काढला, खाल्ला, आणि मेट्रोच्याच आवाजात ट्रामला म्हणाली, "वऱ्हाड जेवायला बसलं. नवरानवरी इथे काय करतायत?"

ट्राम म्हणाला, हो, आणि मला फार भूक लागलीये. आणि दोघं हात धरून दाराबाहेर.

नाटक अंगणात गेलं म्हणजे पेटी अंगणात जायला हवी. मी काही पेटी गळ्यात अडकवून गाणाऱ्यांतली नाही, माझ्या पेटीला पट्टाच नाही. पट्टा न्यू टाउनच्या खांद्याला होता. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझा पट्टा दे जरा. आता या जागी मराठी मुलगा असता तर त्यानं कारण विचारलं असतं. हा बंगाली, भद्र घरातला, वडीलधारी बाई मागतेय म्हटल्यावर त्यानं पट्टा सोडून हातात दिला, वर पेटीला बांधूनही दिला. मी पेटी गळ्यात घालून नगारखान्यासारखी बाहेर पडले. तो मागून सिंथेसायझर कडेवर घेऊन आला, मूल घेतात तसं. त्याला साथ करायची होती, मनानं चांगला होता. त्यानं फिश फ्रायवाल्याकडे प्लग मागितला. फ्रायवाल्यानं फ्रिजच्या प्लगकडे बोट दाखवून विचारलं, आइस्क्रीमचं सूप करू का.

अंगणात जे नाटक झालं ते खरं नाटक. पंगत बसली होती, हातात बश्या होत्या, आणि वधूवर आल्याबरोबर बायकांनी गिल्ला केला, नाव घे. मुलीला कळेना. आत्यांनी तिला समजावलं की नवऱ्याचं नाव यमकात गुंफून घ्यायचं, त्याशिवाय घास नाही. यमक म्हटल्याबरोबर त्या पोरीचे डोळे चमकले. तिनं बंगालीत, हिंदीत, मोडक्या मराठीत एकेका स्टेशनाला यमक लावत ट्रामचं असं नाव घेतलं की साऱ्या अंगणानं शेवटचा शब्द तिच्याबरोबर म्हटला. बायका म्हणाल्या, आता त्यानं. मग त्यानं. मग वऱ्हाडाला जोर आला. बँकेच्या साहेबांनी बायकोचं नाव घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, असं बायकोच म्हणाली. बंगाली प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला आत्यांनी उठवलं. मी पेटी घेऊन बाकाबाकांतून फिरत होते, कोण उठेल त्याच्या पट्टीत शिरत होते. दुसऱ्या खोलीतले प्रेक्षक आले, तिसरीतले आले. आयोजक वेळ संपल्याची घंटा घेऊन आले, तर ट्रामनं ती घंटा हातातून घेतली आणि आभार मानले, माझी हीच हरवली होती म्हणून.

शेवट मेट्रोनं केला. म्हणाली, शहरातल्या ट्राम बंद होत चालल्यात, माझ्या नवऱ्याला रस्त्यावर ठेवायला कुणी तयार नाही, तेव्हा तो माझ्याबरोबर जमिनीखाली येईल, घरजावई म्हणून. ट्रामनं अंगणाला, झाडांना, आकाशाला, तारांना एकेक करून निरोप दिला आणि टेबलाखाली शिरला. क्षणभर कुणी हसलंच नाही. मी एकच सूर धरून ठेवला होता, भाता हळूहळू सोडत. आणि मग जो हशा आणि टाळ्या झाल्या, त्यात दोन बश्या फुटल्या.

एकही माणूस गेला नव्हता. हातात बशी असलेला माणूस कुठे जातो?

गर्दी पांगल्यावर ती मुलगी बाकावर बसली होती, केसांतले मुरमुरे निवडत. मी समोर जाऊन उभी राहिले, पेटी अजून गळ्यात. विषय आधी मीच काढला. म्हटलं, तुझी अट लोक शेवटपर्यंत थांबायची होती, थांबले.

"उठून गेले होते, काकिमा. सगळेच्या सगळे."

"जागा बदलली. माझ्या यजमानांना विचार. रुमाल टाकून बसले होते ते."

तिनं यजमानांकडे बघितलं. ते एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की गाडी रद्द झाली नव्हती, फक्त फलाट बदलला होता. मग तिनं न्यू टाउनला विचारलं, तुला काय वाटतं? तो विचारात पडला. प्रामाणिक मुलगा. म्हणाला की मी असतो तर लोक खुर्चीत बसून राहिले असते. मग सिंथेसायझर कडेवर सावरत म्हणाला, पण नुसतेच बसून राहिले असते. आणि मग, तो पट्टा परत मिळेल का.

मी पट्टा सोडून दिला. पेटी बाकावर ठेवली. मान अवघडली होती, पण ती चोळणार नव्हते, निकाल लागेपर्यंत.

मुलीनं केसांतला आणखी एक मुरमुरा काढला. आमच्या आत्या टॅक्सीत बसताना तिथूनच ओरडून तिला विचारत होत्या, पुढचं कधी आहे. तिनं हात हलवला. मग मला म्हणाली, "पुढचा प्रयोग न्यू टाउनमध्ये आहे. पेटी तुमची. पण लग्न नको, काकिमा. परत कधी लग्न नको. मला शब्द द्या."

मी तिचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. तिच्याच नियमानं, काही नाकारायचं नाही.

मुंजीबद्दल ती काहीच बोलली नव्हती.